जुन्या गेमचा धंदा: भाव कुणाला, कधी आणि किती सांगायचा

जुने व्हिडिओ गेम स्वस्तात घेऊन नफ्यानं विकण्याबद्दल बरीच पत्रं साचली होती. त्यातली निम्मी अमेरिकेतल्या मराठी वाचकांची आहेत. ते साहजिक आहे, कारण ज्या मालाला आज मोठा भाव येतो तो तिथल्या माळ्यांवर आणि गॅरेजांत पडून आहे. आपल्याकडे नव्वदच्या दशकात गेम असलेल्या बहुतेक घरांत नकली कन्सोल आणि 'एकात ९९९९' छापाची कार्ट्रिज, म्हणजे गेमच्या कॅसेटा, होती. निवडक पत्रांना इथे उत्तरं देत आहोत.

प्रश्न: दर शनिवारी गॅरेज सेलला (लोक घरासमोर जुन्या वस्तू विकायला मांडतात तिथे) जातो. एका आजीबाईंनी बुटांच्या खोक्यात सुपर निन्टेन्डो या जुन्या कन्सोलची सात कार्ट्रिज मांडली होती, सगळ्यांचे मिळून २० डॉलर. त्यात 'अर्थबाउंड' हे महाग विकलं जाणारं कार्ट्रिज होतं. मी काही न बोलता २० डॉलर दिले आणि निघालो. बायको म्हणते, ही फसवणूक आहे. आहे का?
— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर: कायद्याच्या भाषेत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे १८१७ मध्ये असंच एक प्रकरण आलं होतं. न्यू ऑर्लिन्सच्या एका व्यापाऱ्याला युद्ध संपल्याची बातमी इतरांच्या आधी कळली. त्यानं गुपचूप तंबाखू विकत घेतली आणि बातमी फुटल्यावर भाव ३० ते ५० टक्क्यांनी चढला. न्यायालय म्हणालं, बाहेरून समजलेली गोष्ट खरेदीदारानं आपण होऊन सांगितलीच पाहिजे असं नाही, पण समोरच्याला चकवण्यासाठी काही बोलता-करता कामा नये. आपल्याकडचा १८७२ चा करार कायदाही हेच सांगतो. कलम १७ खालच्या उदाहरणांत दोन व्यापारी आहेत. एकाला भाव बदलल्याची आतली खबर आहे, आणि ती दुसऱ्याला सांगायला तो बांधील नाही.

पण त्याच कलमात एक घोडाही आहे. गिऱ्हाईक म्हणतं, "तुम्ही नाही म्हणाला नाहीत, तर घोडा धडधाकट आहे असं मी धरून चालेन," आणि विकणारा गप्प राहतो. कायदा म्हणतो, इथे गप्प राहणं म्हणजे बोलणंच. आमच्या मते गॅरेज सेलमधली रेघ इथेच आहे. किंमत त्यांनी लावली, तुम्ही ती दिली, इथवर ठीक. ज्या क्षणी आजी विचारतात, "यात काही किमती आहे का रे?", त्या क्षणी तुम्ही नुसते गिऱ्हाईक राहत नाही. त्या तुमच्या माहितीवर विसंबतात. तिथे "छे हो, जुनी खेळणी" म्हणणं म्हणजे सरळ खोटं, आणि खांदे उडवून गप्प राहणं हे दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या घोड्याचंच प्रकरण.

आजींनी विचारलं नाही असं तुमच्या पत्रावरून दिसतं. तरी तुमच्या पत्नीचं म्हणणं आम्हाला निराधार वाटत नाही. दोन व्यापाऱ्यांची गोष्ट वेगळी आणि घर आवरायला काढलेल्या म्हाताऱ्या बाईंची वेगळी. फरक १० डॉलरचा असेल तर ती तुमच्या नजरेची कमाई आहे, खुशाल ठेवा. तो शेकड्यांत गेला, तर घर ठाऊक आहेच, परत जा. आणि पुढच्या वेळी हे वाक्य तयार ठेवा: "यातलं एक कार्ट्रिज बरंच महाग जातं. मी विकणार आहे. मला खर्च असा असा येतो, म्हणून मी तुम्हाला इतके देतो." लोक बहुधा लगेच हो म्हणतात आणि वर माळ्यावरचा दुसरा खोकाही दाखवतात.

किती द्यायचे? हिशेब मांडून पाहा. नुसतं कार्ट्रिज ३०० डॉलरना जाईल असं धरा. ईबेसारख्या ऑनलाइन बाजारात विक्रीतले सुमारे १३ टक्के जातात, म्हणजे ४० डॉलर. विमा आणि सहीसकट टपाल १२. साफसफाई, कार्ट्रिजमधली बॅटरी (खेळ कुठवर आला ते जपणारं 'सेव्ह' बहुधा तिच्यावर टिकतं) आणि पॅकिंग ५. एखादं पार्सल हरवतं, एखादं परत येतं, त्यासाठी १५ बाजूला. हातात २२८ उरतात. आजींना १५० दिले तरी ७८ डॉलर तुमचे. तेच १५ डॉलरला जाणारं फुटबॉलचं कार्ट्रिज घ्या: दोन डॉलर फी, पाच टपाल, एक पॅकिंग. उरतात सात, आणि त्यात तुमचा अर्धा तास गेलेला. तिथे एक-दोन डॉलर देणं रास्त आहे. म्हणून "सरसकट निम्मे देतो" हा नियम उदार वाटला तरी चुकीचा आहे. महाग मालावर निम्मे, स्वस्त मालावर त्याहून बरेच कमी.

भाव पाहताना 'मागितलेली' किंमत पाहू नका. 'विकले गेलेले' ही चाळणी लावून शेवटचे दहा व्यवहार बघा, आणि नुसतं कार्ट्रिज, खोक्यासकट आणि सीलबंद हे तीन भाव वेगळे धरा. समोरच्याला खोकेवाला भाव ऐकवून आशा लावू नका आणि आपणही फसू नका.

प्रश्न: जुन्या कार्ट्रिजची बॅटरी बदलून, फाटलेल्या लेबलच्या जागी नवं छापून लावून विकतो. गिऱ्हाइकाला सांगायलाच हवं का? सगळेच करतात.
— एक वाचक, सॅन होजे, कॅलिफोर्निया

उत्तर: दोन्ही सांगायचं, पण दोन्ही सारखं नाही. बॅटरी ही दुरुस्ती आहे, तिनं माल सुधारतो. छापील लेबल हा मुखवटा आहे. संग्राहक जे विकत घेतो त्यात लेबल येतंच, म्हणून नकली लेबल लावलेलं कार्ट्रिज फाटक्या लेबलवाल्यापेक्षा स्वस्त जायला हवं. ते महाग जात असेल तर वरचा पैसा न सांगण्याचा आहे. फाटकं लेबल तसंच ठेवा आणि त्याचा जवळून फोटो टाका. दुसऱ्या कार्ट्रिजचं कवच काढून याला चढवलं असेल तर तेही लिहा.

बॅटरीचं काम नीट करा, कारण तिथेच जास्त चुका होतात. सुपर निन्टेन्डोच्या कार्ट्रिजला ३.८ मिमीचा गेमबिट हा खास पाना लागतो, तर हातात धरून खेळायच्या गेमबॉय अॅडव्हान्सच्या कार्ट्रिजला तीन पाकळ्यांचा बारीक स्क्रूड्रायव्हर. साध्या पेचकसानं किंवा वितळवलेल्या पेनच्या नळीनं उघडायला जाऊ नका. स्क्रूचं डोकं घासलं की ते कार्ट्रिज कुणीतरी उघडलं होतं हे कायमचं दिसतं, आणि पुढच्या माणसाला ते उघडताही येत नाही. सुपर निन्टेन्डोत बहुधा सीआर २०३२ ही चपटी गोल बॅटरी असते. पोकेमॉन गोल्ड-सिल्व्हरमध्ये सीआर २०२५, आणि तिच्यावर सेव्ह व घड्याळ दोन्ही चालतात, म्हणून ती लवकर मरते. नवी बॅटरी पत्र्याच्या पट्ट्या आधीच जोडलेली अशीच घ्या. साध्या बॅटरीवर सोल्डरिंगची गरम गन टेकवली तर ती फुगते, फुटूही शकते. जुनी काढण्याआधी अधिक-उणे कुठल्या बाजूला होतं त्याचा फोटो काढा. विद्युतरोधक टेपनं बॅटरी चिकटवण्याचा सोपा उपाय टाळा. पार्सल हलतं, बॅटरी सरकते, आणि ज्याला "बॅटरी नवी" म्हणून विकलं त्याचं चाळीस तासांचं सेव्ह एका सकाळी गायब होतं.

संपर्कपट्ट्या ९० टक्क्यांहून जास्त तीव्रतेच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलनं कापसाच्या काडीवर पुसा. काडी काळी निघायची थांबेपर्यंत पुसत राहा. पितळेची भांडी घासायचं पॉलिश चालत नाही, त्यात घासणारे बारीक कण असतात आणि ते सोन्याचा मुलामाच खातात.

'संपूर्ण' हा शब्दही जपून वापरा. 'अर्थबाउंड' १९९५ मध्ये अमेरिकेत मोठ्या खोक्यात विकलं गेलं. आत जाडजूड मार्गदर्शक पुस्तक होतं आणि खरवडून वास घ्यायची कार्डं. कार्डं नसतील किंवा खरवडलेली असतील, तर ते वर्णनात लिहूनच विका.

प्रश्न: एका लॉटमध्ये दहा गेमबॉय कार्ट्रिज घेतली. तीन नकली निघाली. "रिप्रॉडक्शन" (नक्कल) असं स्पष्ट लिहून विकली तर चालेल ना?
— एक वाचक, ठाणे

उत्तर: आमचं उत्तर नाही. तुम्ही प्रामाणिकपणे लिहाल, पण तुमच्याकडून घेणारा पुढे लिहीलच असं नाही. आणि त्या लेबलवर दुसऱ्याचं व्यापारचिन्ह छापलेलं आहे. नकली व्यापारचिन्हाचा माल जाणूनबुजून विकणं अमेरिकेत आणि भारतातही गुन्हा आहे. विक्रेत्याकडे पैसे परत मागा. नाही मिळाले तर नुकसान सोसा, आणि मुलांना खेळायला देताना कवचावर खोल कोरून 'नकली' लिहा.

ओळखायचं कसं ते सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडे ऑनलाइन फिरणाऱ्या मालात नकली फार आहेत. 'पोकेमॉन एमराल्ड' घ्या. कार्ट्रिज उलटं धरून सोनेरी पट्ट्यांच्या जरा वर, फटीतून आत बघा. अस्सल बोर्डावर तिथे निन्टेन्डोचं नाव छापलेलं दिसतं. समोरच्या लेबलवर उजवीकडे दोन अंकांचा दाबलेला ठसा असतो. तो शाईचा नाही, खळगा असतो, आणि उजेड आडवा पाडला तरच दिसतो. आता उघडा. अस्सलमध्ये चौकोनी चिपा आणि सोल्डर केलेली सीआर १६१६ बॅटरी असते. चिपेच्या जागी काळ्या डांबरासारखा गोळा दिसला तर तिथेच थांबा. काही नकली प्रती सुरुवातीला नीट सेव्ह करतात आणि शेवटच्या चार लढती जिंकल्यावर सेव्ह हरवतात. म्हणून "पाच मिनिटं चालवून पाहिलं" ही तपासणी पुरेशी नाही.

बॅटरी संपल्याचा संदेश आला म्हणून मात्र घाबरू नका. अस्सल 'एमराल्ड'वरही तो येतो. तिथे बॅटरीवर फक्त घड्याळ चालतं, सेव्ह बॅटरीशिवाय टिकणाऱ्या वेगळ्या फ्लॅश मेमरीत राहतं. पोकेमॉनच्याच 'फायररेड' आणि 'लीफग्रीन'मध्ये तर बॅटरी नसतेच, त्यामुळे कुणी "बॅटरी नवी घातली" म्हणून ती विकत असेल तर संशय घ्या.

सुपर निन्टेन्डोत अस्सल बोर्डाचा क्रमांक 'एसएचव्हीसी' या अक्षरांनी सुरू होतो. 'अर्थबाउंड'च्या बाबतीत तर प्रोग्राममध्येच सापळा लावलेला आहे. प्रत नकली आहे असं ओळखलं, तर तो वाटेत शत्रू बेसुमार वाढवतो, आणि तरीही कुणी शेवटच्या लढतीपर्यंत पोचलाच तर तिथे अडकून सगळी सेव्ह पुसून टाकतो. एखाद्या मुलानं महिनाभर खेळून तिथवर जावं आणि तुम्ही विकलेल्या कार्ट्रिजनं असं करावं, ही गोष्ट "वर्णनात लिहिलं होतं" म्हणून हलकी होत नाही.

प्रश्न: सीलबंद, प्रतवारी केलेला गेम गुंतवणूक म्हणून घ्यावा का? तीन लाख रुपये बाजूला आहेत.
— एक वाचक, पुणे

उत्तर: नको. जुलै २०२१ मध्ये 'सुपर मारिओ ६४' ची सीलबंद, १० पैकी ९.८ प्रतवारीची प्रत अमेरिकेतल्या 'हेरिटेज' कंपनीच्या लिलावात १५ लाख ६० हजार डॉलरना गेली. त्याच्या दोनच दिवस आधी 'लेजंड ऑफ झेल्डा' ८ लाख ७० हजारांना गेला होता. हे आकडे ऐकून लोक धावले. पण 'मारिओ ६४' दुर्मीळ नाही. १९९६ पासून त्याच्या जगभर एक कोटी दहा लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या. दुर्मीळ आहे ते न उघडलेलं प्लास्टिक आणि त्यावरचा आकडा, आणि तो आकडा एक खासगी कंपनी देते. ही प्रतवारी करणाऱ्या 'वाटा' नावाच्या कंपनीवर मे २०२२ मध्ये कॅलिफोर्नियात सामूहिक दावा दाखल झाला. बाजार फुगवल्याचा आणि प्रतवारीला लागणाऱ्या वेळाबद्दल दिशाभूल केल्याचा आरोप त्यात होता. आरोप म्हणजे निकाल नव्हे. पण जिथे भाव थोड्याशाच लोकांच्या मतावर उभा आहे तिथे तीन लाख घालू नयेत.

सील स्वतःही पुरावा नाही. प्लास्टिकचा रोल आणि गरम हवेची गन असेल तर कुठलाही खोका पुन्हा गुंडाळता येतो. एनईएस या निन्टेन्डोच्या जुन्या कन्सोलच्या गेमचे जे खोके कारखान्यातच बांधले गेले, त्यांच्या पाठीवर प्लास्टिकची जोडरेघ बहुधा इंग्रजी एच अक्षरासारखी दिसते. कडेनं सलग जोड असेल आणि कोपऱ्यांवर गोल भोकं असतील, तर विकत घेण्याआधी दुसऱ्या जाणकाराला दाखवा. ज्याच्या सीलबद्दल तुम्हालाच शंका आहे तो "सीलबंद, मूळ असावं" असं लिहून विकू नका. "सील तपासलेलं नाही" लिहा आणि उघडलेल्या प्रतीचा भाव घ्या.

प्रश्न: नवा कन्सोल किंवा मर्यादित आवृत्ती येते तेव्हा चार-पाच उचलून ठेवल्या तर काय बिघडलं? मागणी-पुरवठाच ना?
— एक वाचक, नाशिक

उत्तर: आजींच्या खोक्यातलं कार्ट्रिज तुम्ही शोधलं नसतं तर कदाचित कचऱ्यात गेलं असतं. ते शोधलं, पुसलं, तपासलं, ज्याला हवं होतं त्याच्यापर्यंत नेलं, त्या कामाचा तो नफा. दुकानात आज उपलब्ध असलेल्या पाच खोक्यांचं तुम्ही काय केलं? ज्याला ते छापील किमतीत मिळणार होतं त्याच्या आणि दुकानाच्या मध्ये उभे राहिलात. गॅस सिलिंडरच्या बाबतीत याला आपण काळाबाजार म्हणतो. गेम ही चैन आहे, गरज नाही, म्हणून दोष हलका होईल, पण काम तेच.

फेब्रुवारी २०२१ मध्ये प्लेस्टेशन ५ भारतात ४९,९९० रुपयांना आला. आगाऊ नोंदणी काही मिनिटांत संपली आणि मग तेच खोके चढ्या भावानं फिरू लागले. वैध मापनशास्त्राच्या २०११ च्या आवेष्टित वस्तू नियमांत, बंद खोक्यावर छापलेल्या कमाल किमतीपेक्षा जास्त दरानं विक्री करायला किरकोळ विक्रेत्यासह 'अन्य कुणालाही' मनाई आहे. "मी काही दुकानदार नाही" ही ढाल समजू नका.

यात धोकाही मोठा आहे. निन्टेन्डोनं २०१६ च्या नोव्हेंबरात एनईएस क्लासिक हा त्या जुन्या कन्सोलचा छोटा अवतार ६० डॉलरना काढला आणि २०१७ च्या एप्रिलमध्ये उत्पादन थांबवल्याचं जाहीर केलं. लोकांनी साठे केले. जून २०१८ मध्ये तो पुन्हा दुकानात आला. स्वतःच्या संग्रहाला एक आणि भावाला एक, इथवर आम्ही काही म्हणणार नाही. तिसऱ्या खोक्यापाशी थांबा.

जुन्या गेमच्या साठेबाजीत आणखी एक गोष्ट येते. 'अर्थबाउंड' २०२२ पासून निन्टेन्डोच्या ऑनलाइन सेवेवर खेळता येतो, तेव्हा कार्ट्रिज कपाटात राहिलं तरी कुणाचा खेळ अडत नाही. पण व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशननं २०२३ मध्ये केलेल्या पाहणीत, अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के बाजारात उपलब्ध नव्हते. अशा गेमच्या सहा प्रती भाव चढायची वाट बघत दाबून ठेवणं आम्हाला पटत नाही. एक ठेवा, बाकीच्या आजच्या भावानं फिरू द्या.

प्रश्न: धर्मादाय दुकानातून गेम घेऊन विकणं चूक आहे का?
— एक वाचक, शिकागो

उत्तर: नाही. त्यांना पैसा हवा आहे, तुम्ही मागितलेली किंमत देता. मात्र तिथे स्वयंसेवक असाल तर शेल्फवर लागण्याआधी माल बाजूला काढू नका. दुसऱ्या वस्तूची किंमतचिठ्ठी काढून गेमवर लावणं ही चोरीच.

प्रश्न: एच-वन-बी व्हिसावर आहे. महिन्याला पंधरा-वीस गेम विकतो. कर भरतो. ठीक ना?
— एक वाचक, डॅलस

उत्तर: कर भरता हे चांगलंच. नियमित खरेदी-विक्री म्हणजे धंदा, आणि वर्षाचा निव्वळ नफा ४०० डॉलर झाला की स्वयंरोजगाराचा १५.३ टक्के करही लागू होतो. पण तुमची खरी अडचण कराची नाही. तुमचा व्हिसा एका मालकाकडच्या कामाचा आहे. स्वतःची जुनी चीजवस्तू विकणं निराळं. विकण्यासाठी माल घेऊन दर महिन्याला विकणं हे परवानगीबाहेरचं काम ठरू शकतं आणि ग्रीन कार्डच्या वेळी आडवं येऊ शकतं. आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा, तोवर थांबा.

प्रश्न: घेतलेल्या कार्ट्रिजमध्ये जुन्या मालकाचं सेव्ह असतं. पुसून विकायचं की तसंच?
— एक वाचक, मडगाव

उत्तर: आधी विकणाऱ्याला विचारा. तीस वर्षांपूर्वीच्या सेव्हवर मुलाचं नाव असतं, कधी आता नसलेल्या माणसाचंही. खेळताना किती तास गेले तो आकडा असतो. विकणाऱ्याला ते तिथे आहे हे बहुधा माहीतच नसतं. त्यांना हवं असेल तर पडद्याचा फोटो काढून पाठवा. कार्ट्रिज रीडर (कार्ट्रिज संगणकाला जोडायचं यंत्र) असेल तर सेव्हची फाइल उतरवून द्या, पाच मिनिटांचं काम आहे. हे बॅटरी काढण्याआधी करावं लागतं. बॅटरीवर चालणारं सेव्ह ती निघताच जातं आणि नव्या बॅटरीनं परत येत नाही. नको म्हणाले तर गेमच्या मेनूतून पुसा, बॅटरी बदला, एक नवं सेव्ह करा, कार्ट्रिज काढून रात्रभर ठेवा आणि सकाळी सेव्ह टिकलंय का बघा. टिकलं असेल तरच "सेव्ह होतं" असं लिहा.